तिथी न सांगता येणारा : एड्सगर डायक्स्ट्रा

डायक्स्ट्रा हे नाव आपल्या होस्टेलवर कुणाला नवीन नाही. शॉर्टेस्ट पाथ, सेमाफोर, बँकर्स अल्गोरिदम अशा रूपात परीक्षेच्या आदल्या रात्री ते प्रत्येक खोलीत येऊन जातं आणि पेपर झाला की निघून जातं. मी या माणसापर्यंत जरा वेगळ्या वाटेनं पोचलो. प्रोजेक्टसाठी लिनक्समधल्या एका ड्रायव्हरचा अभ्यास चालला होता. मशीन तापलं, पंखा थांबला, व्होल्टेज घसरलं की हार्डवेअर जी हाक मारतं ती ऐकणारा हा ड्रायव्हर. ही हाक म्हणजे इंटरप्ट. तो कुठून आला हे शोधत मागे मागे गेलो, तर १९५७ सालच्या ॲमस्टरडॅममध्ये इंटरप्टला चक्क घाबरलेला एक तरुण प्रोग्रामर भेटला. तोच हा डायक्स्ट्रा.

एड्सगर डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्र शिकवायचे. आईचं गणित उत्तम होतं. तिनं गणिताची नोकरी कधी केली नाही, पण लांबलचक उत्तर म्हणजे चुकलेली वाट, हा संस्कार मुलावर तिचाच. शाळेत असताना एड्सगरना कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचं काम करायचं होतं. पण विज्ञानात मार्क इतके चांगले पडले की १९४८ साली ते लायडन विद्यापीठात दाखल झाले, आणि पुढे सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळले.

१९५१ मध्ये केंब्रिजला प्रोग्रामिंगचा तीन आठवड्यांचा कोर्स होता. वडिलांनी त्याची जाहिरात पाहिली आणि मुलाला पाठवलं. तिथून आयुष्याचा सांधा बदलला. मार्च १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये प्रोग्रामर म्हणून काम करू लागले. हॉलंडमधले हे पहिले प्रोग्रामर. तेव्हा या कामाला धड नावही नव्हतं. भौतिकशास्त्र सोडावं की नाही या पेचात असताना त्यांचे वरिष्ठ व्हॅन वाइनगार्डन यांनी समजावलं, की कॉम्प्युटर आता जाणार नाहीत आणि प्रोग्रामिंगला शास्त्राची इज्जत मिळवून देणारा कुणीतरी लागेल, तो तू का असू नयेस. १९५७ साली लग्नाच्या नोंदणीत त्यांनी व्यवसाय प्रोग्रामर असा लिहिला, तर नगरपालिकेनं तो मान्यच केला नाही! शेवटी सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं. आपण ज्या शॉर्टेस्ट पाथसाठी पानंच्या पानं भरतो, तो त्यांना १९५६ मध्ये सुचला. होणाऱ्या पत्नीबरोबर खरेदी करून दमल्यावर एका कॅफेत बसले असताना, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय. छापून आला १९५९ मध्ये.

आता मूळ मुद्दा. सेंटरमधले हार्डवेअरचे जाणकार लूप्स्ट्रा आणि शोल्टन हे एक्स-१ नावाच्या नव्या मशीनचा आराखडा करत होते. त्यात त्यांनी इंटरप्ट घालायचं ठरवलं. छापणारं किंवा टेप वाचणारं यंत्र आपलं काम संपलं की प्रोसेसरला स्वतःहून सांगणार. प्रोसेसरनं दर वेळी झालं का, झालं का असं विचारत बसायला नको. दोघांना कल्पना फार आवडली. डायक्स्ट्रांची मात्र झोप उडाली.

का ते बघा. आपल्याकडे पाहुण्याला अतिथी म्हणतात, तिथी न सांगता येणारा तो अतिथी. इंटरप्ट हा अस्सल अतिथी. कोणत्याही दोन सूचनांच्या मधे तो दार वाजवणार. तुम्ही खोलीत गणित सोडवताय, हातचा धरलाय, आणि दारावर थाप पडली. दार उघडून परत येईपर्यंत हातचा डोक्यात तसाच राहिला पाहिजे. राहिला नाही तर उत्तर चुकणार, आणि का चुकलं ते कधीच कळणार नाही, कारण पुढच्या वेळी थाप दुसऱ्याच क्षणी पडेल. तोवर प्रोग्रामरला एक भरवसा होता. तोच प्रोग्राम, तोच इनपुट, मग तेच उत्तर. इंटरप्टनं तो भरवसाच काढून घेतला. पुन्हा घडवून दाखवता येत नाही ती चूक शोधायची कशी, ही त्यांची भीती होती. काही महिने त्यांनी निर्णय लांबवला. मग त्या दोघांनी स्तुती करकरून त्यांचा विरोध मोडला आणि गडी हो म्हणाला.

मशीन अजून तयार नव्हतं, त्यामुळे चालवून बघणं शक्य नव्हतं. त्यांनी विचारानंच काम केलं. इंटरप्ट कुठल्याही क्षणी आला तरी रजिस्टर जसेच्या तसे परत मिळतील, एक इंटरप्ट हाताळताना दुसरा हरवणार नाही, हे त्यांनी युक्तिवादानं पक्कं केलं आणि मग कोड लिहिला. ऑक्टोबर १९५९ मध्ये याच कामावर त्यांना डॉक्टरेट मिळाली.

हे सगळं आपल्या जिल्ह्यात वाचताना मला मे महिना आठवत होता. घाटावरचे, बुलढाण्याकडचे मित्र उन्हाळ्यातही रात्री बरी झोप काढतात. आपण घाटाखालचे. शेगाव, खामगाव, मलकापूर या पट्ट्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो. प्रोसेसरची उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच जाते, म्हणून खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर सरकते. त्यात हीटसिंकमध्ये धूळ. मग भर दुपारी मशीन पटकन बंद पडतं आणि आपण म्हणतो, हँग झालं, रिस्टार्ट मार.

ते हँग झालेलं नसतं. त्यानं हाक मारलेली असते. एल.एम.७५ नावाची साधी तापमानाची चिप घ्या. तिच्यात दोन आकडे ठेवतात. सुरुवातीला ते ८० आणि ७५ अंश असतात. तापमान ८० ला पोचलं की ती इशाऱ्याची तार ओढते, आणि ७५ च्या खाली उतरल्यावरच सोडते. दोन आकडे कशाला? एकच ठेवला तर काट्यावर असताना तापमान अर्धा अंश वर, अर्धा अंश खाली करत राहणार आणि दर वेळी घंटा वाजणार. मधली पाच अंशांची फट ही घंटेला शिस्त लावते.

तार ओढली की इंटरप्ट येतो. इथं ड्रायव्हर लिहिणाऱ्याची परीक्षा. नेमकं तापमान किती हे चिपला विचारायचं तर आय-टू-सीच्या संथ तारेवरून विचारावं लागतं, आणि उत्तराची वाट बघावी लागते. पण इंटरप्ट हाताळताना थांबायला, झोपायला बंदी. म्हणून कामाचे दोन भाग करतात. पहिला भाग फक्त हाक नोंदवतो आणि लगेच परततो. विचारपूस दुसरा भाग, म्हणजे कर्नलचा एक थ्रेड, सवडीनं करतो. तोपर्यंत ती इंटरप्टची तार बंद ठेवायची. कारण पातळीवर चालणारी तार कारण मिटेपर्यंत ओढलेलीच राहते. मधेच उघडली तर लगेच पुन्हा इंटरप्ट, पुन्हा इंटरप्ट, आणि प्रोसेसर दार उघडण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. शिवाय त्याच वेळी दुसरा प्रोग्राम त्याच सेन्सरचं तापमान वाचत असेल तर दोघांची गाठ पडू नये म्हणून कुलूप हवं. हे कुलूप म्हणजे पुन्हा डायक्स्ट्राच. रेल्वेच्या सिग्नलवरून नाव घेतलेला सेमाफोर त्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला दिला.

पुढचा प्रश्न, मशीन बंद करायचं की नाही हे ठरवायचं कुणी? ड्रायव्हरनं नाही. त्यानं खरी बातमी वर पोचवायची. वरचा थर आधी प्रोसेसरचा वेग कमी करतो, पंखा वाढवतो. तेवढ्यानं भागलं नाही तर फाइली नीट बंद करून मशीन थांबवतो. तेही जमलं नाही तर प्रोसेसर स्वतःच वीज तोडायला लावतो. थरांची ही मांडणीही त्यांचीच देणगी. १९६२ मध्ये ते आइंडहोव्हनला गणिताचे प्राध्यापक झाले. तिथं सहकाऱ्यांबरोबर एक्स-८ मशीनसाठी त्यांनी टी.एच.ई. ही ऑपरेटिंग सिस्टीम बांधली. तिचा लेख १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यात खालच्या थरानं इंटरप्ट आणि प्रोसेसरची वाटणी सांभाळायची. त्याच्या वरच्या थरांना इंटरप्ट नावाची भानगड आहे हे कळायचंही कारण नाही. भीतीला त्यांनी तळमजल्यात कोंडलं, असं मला वाटतं.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात गेले आणि १९९९ मध्ये निवृत्त झाले. लिहायचे फाउंटन पेननं, सुंदर अक्षरात. तेराशेहून जास्त टिपणं लिहिली. त्यांच्या झेरॉक्स प्रती मित्रांना पाठवायचे, मित्र आणखी प्रती काढून पुढे द्यायचे. आपल्या नोट्स होस्टेलवर फिरतात तसंच! स्वभाव तिखट, मतं टोकाची. अनेकांना ते दुखवायचे. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधल्या न्यूनेन गावी कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. वय होतं ७२.

त्यांचं आयुष्यभराचं सांगणं एकच होतं. चाचणीत चूक सापडली तर चूक आहे एवढं कळतं. सापडली नाही म्हणून ती नाही, असं ठरत नाही. हे पुस्तकी वाटतं. पण आपलं कॅलेंडर बघा. हिवाळी सेमिस्टरचं सबमिशन आणि व्हायवा थंडीच्या तोंडावर. तेव्हा आपला ड्रायव्हर शंभर वेळा चालवला तरी ८० अंशांची हाक एकदाही येणार नाही. सगळं पास. तोच कोड उद्या एखाद्या दवाखान्यातल्या यंत्रात बसेल आणि मे महिन्यातल्या दुपारी पहिल्यांदा ती वाट चालेल. त्या क्षणी तिथं ना आपण असू, ना व्हायवा घेणारे सर. म्हणून चिपची मर्यादा खोलीच्या तापमानाच्या जरा वर आणून ठेवायची, हेअर ड्रायरनं गरम करून हाक मुद्दाम घडवून बघायची, आणि मग वही उघडून ती कुठल्याही दोन सूचनांच्या मधे आली तर काय होईल हे एकेक ओळ विचारत जायचं. मशीन बंद पडलं तर पुन्हा सुरू झाल्यावर सगळ्यात आधी, बंद पडण्यापूर्वीच्या लॉगच्या शेवटच्या ओळी वाचायच्या.

अतिथी कधी येईल हे आपल्या हातात नाही. घर आवरलेलं ठेवणं आपल्या हातात आहे. १९५७ साली घाबरलेल्या त्या तरुणानं एवढंच केलं, पण नीट केलं.