पाटणचे भास्कराचार्य आणि आपली एकादशी



आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. दिंडीचे मूळपुरुष, विणेकरी, चोपदार, वाटेवरचे अन्नदाते यांची चरित्रे जाणत्या मंडळींनी ह्या अंकात लिहिली आहेतच. आमच्याकडे खानदेशातल्या एका थोर पुरुषाचे चरित्र लिहिण्याची सेवा आली. आम्ही चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणशी ज्यांचे घराणे जोडलेले आहे त्या भास्कराचार्यांचे चरित्र घेतले आहे. टाळ-मृदंगाच्या अंकात गणिती पंडित कशाला, असं कुणाच्या मनात येईल. पण वारकरी मंडळी, शंभर वर्षे आपण ज्या तिथीला गाव सोडतो आणि ज्या तिथीला वाळवंटात पोचतो, ती तिथी कुणीतरी आकाश मोजून काढलेली असते. ते मोजणं ज्यांनी शिकवलं त्यांत भास्कराचार्यांचं नाव फार वरचं आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 मधला, म्हणजे इसवी सन 1114. शांडिल्य गोत्र. हे त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवलं आहे. सह्याद्रीच्या आसऱ्याचं विज्जडविड हे आपलं गाव, असंही लिहिलं आहे. ते गाव आज कोणतं यावर विद्वानांचे वाद आहेत, त्यात आम्ही पडत नाही. पण त्यांच्या मुलाला राजाने पाटणहून बोलावून नेलं, हे पाटणच्या शिलालेखात कोरलेलं आहे. तेवढा पुरावा आम्हा खानदेशवाल्यांना पुरेसा आहे.

घराणं पिढीजात विद्वानांचं. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि मग आपले भास्कराचार्य, अशी वंशावळ त्याच शिलालेखात आहे. भास्कराचार्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडील महेश्वर. आपल्याकडे बापाकडून पोराकडे वारी येते, वीणा येते, तशी त्यांच्या घरात विद्या आली. विद्या घरात असली तरी ती आपोआप डोक्यात जात नाही. त्यांनी मागच्या आचार्यांचे ग्रंथ घोटले, ब्रह्मगुप्तांना मान देऊन त्यांची रीत धरली, आणि जिथे पटलं नाही तिथे कारण देऊन तसं सांगितलं.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, शके 1072 मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा मोठा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग. लीलावती म्हणजे अंकगणित, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यावर वासनाभाष्य नावाची टीकाही त्यांनीच लिहिली. इथली वासना म्हणजे आपण कीर्तनात सोडायला सांगतो ती नव्हे बरं का. इथे वासना म्हणजे उपपत्ती, अमुक हिशोब असाच का, त्याचं कारण. नुसतं सूत्र पाठ करून चालणार नाही, कारण कळलं पाहिजे, असा ह्या गुरूचा आग्रह.

आता शिकवण्याची त्यांची तऱ्हा पाहा. कीर्तनकार जसा सिद्धांत सांगून लगेच दृष्टांत देतो, तसं त्यांनी गणित सांगितलं. लीलावतीत भुंगे आहेत, हंस आहेत, कमळं आहेत, मोर आणि साप आहेत. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्या फुलावर, ह्या दोहोंतल्या फरकाची तिप्पट तिसऱ्या झाडावर, आणि एक भुंगा मागे घोटाळत राहिला. तर भुंगे किती? पंधरा. पोरांनो, करून पाहा. तीन, पाच, सहा आणि एक.

दुसरा दृष्टांत बांबूचा. बत्तीस हात उंच बांबू वाऱ्याने मधेच मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. किती उंचीवर मोडला? बारा हातांवर. आपल्या पताकेची काठी वादळात मोडली तर हाच हिशोब. पंडितासमोर वाऱ्याने मोडलेला बांबू असावा आणि त्याने त्यातून शास्त्र काढावं, हे आम्हाला फार आवडतं.

शेतकऱ्याला त्यांनी विसरलेलं नाही. खळ्यावरच्या राशीचा हिशोब त्यांच्या ग्रंथात आहे. राशीच्या बुडाचा घेर हातांनी मोजायचा. जाड दाण्याची रास घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी उंच बसते, बारीक दाण्याची अकराव्या, कुसाळ असलेल्या धान्याची नवव्या. दाणा जितका बारीक तितका तो घरंगळतो आणि रास पसरट होते, हे खळं केलेल्या कुणालाही ठाऊक. मग घेराचा सहावा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि उंचीने गुणायचं. घेर साठ हात असला तर जाड धान्याची उंची सहा, सहावा हिस्सा दहा, म्हणून रास सहाशे घनहात. आता काटा आला, क्विंटल आला. पण दादरची रास पाहून डोळ्याने अंदाज बांधणारे म्हातारे आम्ही पाहिले आहेत. त्या अंदाजाला शास्त्राचं रूप आठशेच्या वर वर्षांपूर्वी मिळालं होतं.

लीलावती हे नाव कुठून आलं, याची एक आख्यायिका आहे. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या लग्नाची घटका साधायला पाण्यात घटिकापात्र ठेवलं. ती वाकून पाहायला गेली आणि अंगावरचा मोती पडून पात्राचं छिद्र बुजलं. घटका कळलीच नाही, मुहूर्त टळला. मग बापाने तिच्या नावाने ग्रंथ केला. अकबर बादशहाच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली लीलावती फारसीत नेली, त्यात ही कथा येते. कथा म्हणूनच ती ऐकावी. पण ग्रंथात उदाहरणं घालताना आचार्य बाळे लीलावती अशी हाक मारतात हे खरं. मुलीला हाक मारून गणित शिकवणारा ग्रंथ आपल्या मातीशी नातं सांगतो. मुलीची शाळा सोडवणाऱ्या बापांनी हे ध्यानात घ्यावं.

वारकऱ्याने थांबून ऐकावं अशी जागा बीजगणितात आहे. एखाद्या संख्येला शून्याने भागलं तर जी रास येते तिला आचार्य खहर म्हणतात. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. हे शिष्याला समजावं कसं? तिथे आचार्यांना अच्युत आठवला. प्रलयाच्या वेळी सगळे जीव त्या अनंतात शिरतात, सृष्टीच्या वेळी त्यातूनच बाहेर येतात, तरी तो वाढत नाही की घटत नाही. हा दृष्टांत त्यांनी गणिताच्या ग्रंथात दिला आहे. आषाढीला लाखो माणसं पंढरीत शिरतात, काल्यानंतर लाखो परत फिरतात, विटेवरचा आहे तसाच आहे. आपण जे डोळ्यांनी पाहतो ते त्यांनी अंकांत पाहिलं.

पण देवाचं नाव घेतलं म्हणून त्यांनी तपासणं सोडलं नाही. गोलाध्यायात ते सांगतात की पृथ्वी गोल आहे आणि तिला खाली कशाचाही आधार नाही. आधार मानला तर त्या आधाराला आधार कोण, असं विचारत जावं लागेल. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, म्हणून जड वस्तू तिच्याकडे येते आणि आपण ती पडली असं समजतो. मग ती सपाट का दिसते? वर्तुळाचा लहानसा तुकडा सरळच दिसतो, तसं. पुराणातली कथा वेगळी असली तरी डोळ्याला आणि युक्तीला जे पटतं ते सांगायला ते कचरले नाहीत. वेध घेण्याची अनेक यंत्रे सांगून शेवटी सर्वांत मोठं यंत्र कोणतं, तर बुद्धी, असा त्यांचा निवाडा. हातात साधी काठी असली आणि डोकं ठिकाणावर असलं, तर दूरच्या बांबूची उंची पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबावरूनही काढता येते.

आता आपल्या एकादशीकडे येऊ. चंद्राच्या बारा महिन्यांचे दिवस होतात सुमारे 354 आणि सूर्याच्या वर्षाचे 365. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ती तशीच सोडली तर आषाढी दर वर्षी अकरा दिवस मागे सरकेल आणि दहा वर्षांत भर उन्हाळ्यात येईल. पेरणीचा आणि वारीचा मेळ तुटेल. म्हणून साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिकमास धरतात. 2015 साली आषाढच अधिक आला होता आणि वारी निज आषाढात, 27 जुलैला झाली, हे अनेकांना आठवत असेल. हा हिशोब भास्कराचार्यांच्याही आधीपासूनचा. त्यांनी तो कारणासह नीट मांडून दिला.

त्याहून अवघड म्हणजे क्षयमास. फार क्वचित एक महिनाच गळतो. शके 1072 मध्ये बसून त्यांनी लिहिलं की असा महिना शके 974 मध्ये येऊन गेला आणि पुढे 1115, 1256 आणि 1378 मध्ये येईल. दोहोंमध्ये बहुधा 141 वर्षे, कधी 19. आता आपल्या काळाशी ताडून पाहा. क्षयमास शके 1744 मध्ये आला, मग 1885 मध्ये, म्हणजे बरोबर 141 वर्षांनी. त्यानंतर शके 1904 मध्ये, म्हणजे 19 वर्षांनी. आमच्या वयाच्या माणसांनी हा शेवटचा पाहिला आहे.

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, शके 1105 मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ केला. पंचांग करणाऱ्याला गणित सोपं जावं म्हणून. छत्तिशीत मोठा ग्रंथ करणारा पंडित सत्तरीच्या तोंडावर दुसऱ्याचं काम सोपं करायला बसतो, यातच त्यांचं गुरुपण दिसतं.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याला देवगिरीच्या यादव जैत्रपालाने पाटणहून नेऊन आपल्या पदरी ठेवलं. नातू चांगदेव, सिंघण राजाचा ज्योतिषी. हा चांगदेव वेगळा आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचे, मुक्ताबाईंना शरण गेलेले चांगदेव वेगळे, गल्लत करू नये. आचार्यांच्या भावाच्या वंशातल्या अनंतदेवांनी गिरणाकाठच्या बहाळला भवानीचं देऊळ बांधलं, तिथेही शके 1144 चा लेख आहे.

नातू चांगदेवाने पाटणला मठ काढला. कशासाठी? आजोबांचे आणि घराण्याचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. तिथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेव आणि हेमाडिदेव ह्या भावांनी मठाला उत्पन्न लावून दिलं. शके 1128, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाच्या पर्वावर. ज्या ग्रहणाचं गणित आजोबांनी शिकवलं, त्याच ग्रहणात नातवाच्या शाळेला दान मिळालं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शिलालेख 1865 साली विद्वानांपुढे आणला.

ह्या लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. पण बाजारातून मठाला काय द्यायचं, हे मराठीत कोरलं आहे, ज्ञानेश्वरीच्या 84 वर्षे आधीच्या मराठीत. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे पळी-पळी तेल. बाजारात जे मोजायचं ते मठाच्या मापाने मोजायचं, आणि मापणावळीतला अर्धा वाटा मठाला, अर्धा मापाऱ्याला.

मंडळी, हे वाचून आम्हाला आपल्या दिंडीची वहीच आठवली. कुणाचं पोतंभर गहू, कुणाचा तेलाचा डबा, कुणाची एका मुक्कामाची पंगत. पंडितांची ती शाळा राजाच्या मोहरांवर नव्हे, तर गावच्या तेल्याच्या पळीवर आणि गिऱ्हाइकाच्या सुपारीवर चालायची होती. त्या तेलातलं काही दिव्यातही गेलं असेल आणि त्या उजेडात कुणी लीलावती घोकली असेल. तेव्हा ही विद्या त्यांची आणि आपण अडाणी, असं म्हणण्याचं कारण नाही. तिच्यात आपल्याही पूर्वजांचं तेल आहे. मात्र तेल देणाऱ्याच्या पोराला त्या मठात बसायला मिळालं की नाही, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्याच कळवळ्याने माउलींनी पुढे गीता मराठीत आणली, आणि त्या मार्गात तेली, माळी, शिंपी, कुंभार सगळे संत झाले.

आमचं स्वतःचं शिक्षण चौथी. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सुटली ती सुटलीच, पुढचं जे काही ते दिंडीत आणि फडावर बसून शिकलो. म्हणून सांगतो, आज पाटणला मठ उरला नाही, पण लीलावती उरली. ती उरली कारण शिष्यांनी शिकून पुढे शिकवली. गणेश दैवज्ञांनी 1545 साली तिच्यावर टीका केली, ती फारसीत गेली, 1817 साली इंग्रजीत गेली. भिंती पडल्या तरी शिकणारा राहिला की विद्या राहते. दिंडीचंही तसंच.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आमची एक विनंती. आपल्या मंदिरात दर एकादशीला हरिपाठ झाला की अर्धा तास पोरांना आणि पोरींना पंचांग उघडून शिकवावं. तिथी म्हणजे काय, अधिकमास का येतो, राशीचा हिशोब कसा करतात. मास्तर गावात आहेत, पंचांग देवळात आहे, मापाला खळ्यावरची रास आहे. आणि जमल्यास एकदा सगळ्यांनी पाटणादेवीला जावं. देवीचं दर्शन घ्यावं आणि ज्यांनी आपल्याला दिवस मोजायला शिकवलं त्या आचार्यांना तिथे हात जोडावेत.

रामकृष्णहरी.