अल-ख्वारिज्मी : सिफरला त्याची जागा देणारे उस्ताद

आपल्या मुलांना पाढे, बेरजा, बीजगणित शिकवताना ज्यांचं नाव घ्यायला हवं, पण आपल्या घरांत क्वचितच घेतलं जातं, असे एक उस्ताद म्हणजे मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी. त्यांचा जन्म इ.स. ७८० च्या सुमारास झाला आणि वफात ८५० च्या आसपास. नावातलं ख्वारिज्म म्हणजे अरल समुद्राच्या दक्षिणेचा मुलूख. आज तो उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या दोन देशांत विभागला आहे.

त्यांचं आयुष्यभराचं काम झालं बगदादमध्ये. खलिफा मामून यांचा काळ होता, इ.स. ८१३ ते ८३३. बैतुल हिकमा या ज्ञानकेंद्रात ग्रीक, फारसी, सिरियाक, संस्कृत अशा अनेक भाषांतल्या विद्येवर काम चाललं होतं. विद्या कुणाची, हे न बघता ती शिकून घ्यायची आणि त्यात भर घालायची, असं तिथलं वातावरण होतं. अल-ख्वारिज्मी तिथे गणित, खगोलशास्त्र आणि भूगोल या तिन्ही विषयांत रमले. भूगोलाच्या त्यांच्या ग्रंथात सुमारे २४०० ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिलेले आहेत.

या बगदादचं आपल्या देशाशी जुनं नातं आहे. राजस्थानातल्या भिनमाळचे ब्रह्मगुप्त यांनी इ.स. ६२८ मध्ये शून्याचे नियम मांडले होते. संख्येतून तीच संख्या वजा केली की शून्य उरतं, आणि शून्य मिळवलं तर संख्या बदलत नाही. शाळेत आम्ही १, २, ३, ४ अशा मोजायच्या संख्यांना नैसर्गिक संख्या म्हणतो. त्यांच्यात ० आलं की त्या पूर्ण संख्या होतात. फरक फक्त एका शून्याचा, पण तो समजायला जगाला शेकडो वर्षं लागली. कारण तीन खजूर दाखवता येतात, शून्य खजूर कसे दाखवणार?

खलिफा मन्सूर यांच्या काळातच भारतातलं खगोलशास्त्र बगदादला पोहोचलं होतं. पुढे अल-ख्वारिज्मी यांनी भारतीय अंकांवर एक पुस्तक लिहिलं. नऊ अंक, आणि रिकाम्या जागेसाठी एक छोटंसं वर्तुळ. बस्स, एवढ्यावर कितीही मोठी संख्या लिहिता येते, हे त्यांनी सोप्या भाषेत समजावलं. २०५ मधलं वर्तुळ काढलं तर उरतात २५. म्हणजे ज्याला आपण ‘काहीच नाही’ समजतो, त्याच्यामुळे विसाचे दोनशे होतात! संस्कृतातल्या ‘शून्य’चा अर्थ रिकामं, अरबांनी त्याच अर्थाचा शब्द वापरला, ‘सिफर’. आज उर्दूत आपण तोच बोलतो. त्यांच्या पुस्तकात सिफर मुख्यतः जागा सांभाळायचं काम करतो. पण ही जागा पक्की झाली, म्हणूनच हिशोब करणाऱ्यांच्या हाताला तो सरावला. आणि विशेष म्हणजे, ही पद्धत हिंदवाल्यांची आहे हे त्यांनी उघडपणे सांगितलं.

मूळ अरबी पुस्तक आज उपलब्ध नाही. बाराव्या शतकातल्या लॅटिन रूपांतून ते आपल्यापर्यंत आलं. लॅटिनमध्ये त्यांचं नाव अल्गोरित्मी झालं आणि त्यातूनच ‘अल्गोरिदम’ शब्द आला. मुलांच्या मोबाईलमध्ये जो अल्गोरिदम चालतो, तो या उस्तादांच्या नावाने.

त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ म्हणजे ‘अल-जबर वल-मुकाबला’. अल्जेब्रा हे नाव याच ‘अल-जबर’वरून पडलं. गंमत म्हणजे या ग्रंथात संख्या अंकांत नाहीत, शब्दांत लिहिल्या आहेत. सुरुवातीलाच ते सांगतात की प्रत्येक संख्या एक-एक मिळून बनलेली असते. नैसर्गिक संख्यांची याहून सोपी ओळख आम्हाला ठाऊक नाही.

पण हे पुस्तक त्यांनी कशासाठी लिहिलं? विरासत, वसीयत, वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्याची खोदाई अशा लोकांच्या रोजच्या गरजांसाठी. ग्रंथाचा एक मोठा भाग वसीयत आणि वारसांच्या हिश्श्यांच्या हिशोबाला दिलेला आहे. त्यांच्यासाठी गणित म्हणजे हक्कदाराला त्याचा हक्क नेमका पोहोचवण्याचं साधन होतं.

ही गोष्ट आज आपल्या घरात लागू करून बघू. एका माणसाची वफात झाली. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. दुसरे वारस नाहीत, कर्ज फेडलेलं आहे, वसीयत नाही. बायकोचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. मालमत्तेचे २४ भाग केले तर बायकोला ३, मुलाला १४, मुलीला ७. बेरीज करा, बरोबर २४. सगळ्या नैसर्गिक संख्या. या हिशोबात कुणाच्याही नावापुढे सिफर येत नाही.

तरीही कित्येक घरांत मुलीच्या नावापुढे सिफरच येतो. लग्नात खर्च केला, आता कसला हिस्सा, असं म्हटलं जातं. कधी तिला कागद वाचता येत नाही, कधी आठवा भाग म्हणजे किती हे आईला कुणी समजावलेलं नसतं, आणि सही घेतली जाते. मग ‘मुलीला गणित काय करायचंय’ असं म्हणणारेही आपलेच असतात.

अल-ख्वारिज्मी यांना जाऊन जवळपास बाराशे वर्षं होत आली. त्यांचा अभिमान बाळगायचा असेल तर एक काम करू या. आज रात्री जेवण झाल्यावर मुलगा आणि मुलगी दोघांना सोबत बसवा, वर दिलेली वाटणी त्यांच्याकडून वहीत करून घ्या. तीन, चौदा आणि सात कसे आले, हे मुलीला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.