विश्लेषण : वादळ किती मैलांवर आहे, हे उपग्रहाशिवाय सांगणारे हेन्री पिडिंग्टन कोण होते?

चक्रीवादळाची चाहूल लागली की मोबाइलवर त्याचा मार्ग, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि वाऱ्याचा वेग क्षणात दिसतो. नॉटचे किलोमीटर किंवा सागरी मैलांचे किलोमीटर करून देणारी साधनेही हाताशी असतात. उपग्रह, रडार आणि बिनतारी संदेश यांपैकी काहीही नसताना हेच काम करणारी साधने कोलकात्यात तयार झाली. ती बनवणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनीच जगाला ‘सायक्लोन’ हा शब्द दिला.

पिडिंग्टन वादळांकडे कसे वळले?

पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील अकफील्डचा. व्यापारी जहाजांवर नोकरी करून ते कप्तान झाले आणि पुढे बंगालमध्ये स्थायिक झाले. वनस्पती, माती, खनिजे अशा अनेक विषयांत त्यांना रस होता. कोलकात्यातील आर्थिक भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयाचे ते अभिरक्षक होते. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या सागरी न्यायालयाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते.

अमेरिकेतील विल्यम रेडफील्ड यांनी १८३१ मध्ये हरिकेनमधील वारे केंद्राभोवती फिरतात, हे मांडले होते. वेस्ट इंडिजमधील वादळांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम रीड यांचे पुस्तक १८३८ मध्ये आले. या पुस्तकाने पिडिंग्टन यांना दिशा दिली. हिंदी महासागर, बंगालचा उपसागर आणि चीनच्या समुद्रातून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या त्यांनी गोळा केल्या. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी वारा कुठून होता, हे ते नकाशावर मांडत गेले. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे यावरील लेख वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत राहिले.

‘चार्ल्स हेडल’ जहाजाने काय दाखवले?

फेब्रुवारी १८४५ मध्ये ‘चार्ल्स हेडल’ हे जहाज मॉरिशसजवळ वादळात सापडले. वाऱ्याला पाठ देऊन ते पळत राहिले आणि तब्बल पाच दिवस वादळाच्या केंद्राभोवती घिरट्या घालत राहिले. त्याच्या नोंदवहीवरून पिडिंग्टन यांनी दोन गोष्टी दाखवल्या. वारा केंद्राभोवती फिरतो आणि त्याच वेळी अख्खे वादळही पुढे सरकते. वाऱ्याबरोबर पळणे म्हणजे सुटका नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

‘सायक्लोन’ हा शब्द का निवडला?

१८४८ मध्ये त्यांचे ‘सेलर्स हॉर्न-बुक’ हे खलाशांसाठीचे पुस्तक आले. त्यात हा शब्द सुचवला होता. वर्तुळ किंवा सापाचे वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला. वारा अगदी गोल फिरतो, असा दावा त्यांना करायचा नव्हता; तो वळतो, एवढेच सांगायचे होते. वारे प्रत्यक्षात आतल्या बाजूला झुकत केंद्राकडे जातात, त्यामुळे ही सावधगिरी योग्यच ठरली. मराठीतील ‘चक्रीवादळ’ या शब्दातही हीच फिरण्याची कल्पना आहे.

केंद्राची दिशा कशी कळायची?

पुस्तकासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक पत्र्याची दोन कार्डे होती. उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, तर दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने. म्हणून प्रत्येक गोलार्धासाठी वेगळे कार्ड. त्यावर वर्तुळे आणि वाऱ्याचे बाण कोरलेले असत. कार्ड नकाशावर ठेवून जहाजाच्या जागी प्रत्यक्ष वाऱ्याशी जुळणारा बाण आणला की कार्डाचा मध्य वादळाच्या केंद्राची दिशा दाखवी. उदाहरणार्थ, बंगालच्या उपसागरात वारा ईशान्येकडून येत असेल, तर केंद्र साधारण आग्नेयेला असते.

मग अंतर कसे मोजायचे?

दिशा कळली तरी अंतराचा प्रश्न उरतोच. त्यासाठी पिडिंग्टन यांनी वायुभारमापकाचा आधार घेतला. पारा तासाला किती इंच उतरतो, यावरून केंद्र किती मैलांवर आहे, याचे त्यांनी कोष्टक दिले.

पारा तासाला ०.०२ ते ०.०६ इंच उतरत असेल, तर केंद्र २५० ते १५० मैलांवर.
०.०६ ते ०.०८ इंच : १५० ते १०० मैल.
०.०८ ते ०.१२ इंच : १०० ते ८० मैल.
०.१२ ते ०.१५ इंच : ८० ते ५० मैल.

आजच्या एककात ०.०६ इंच म्हणजे सुमारे २ हेक्टोपास्कल. हे कोष्टक ढोबळ अंदाजापुरतेच आहे. प्रत्येक वादळाचा आकार आणि जोर वेगळा असतो. शिवाय जहाज स्वतः केंद्राकडे जात असेल, तर पारा अधिक वेगाने उतरतो. तरीही नौकानयनाच्या पुस्तकांत ते पुढे दीर्घकाळ छापले गेले.

त्यांचा इशारा का दुर्लक्षिला गेला?

वादळात वाऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त बळी समुद्राची चढून येणारी लाट घेते, हे पिडिंग्टन यांना ठाऊक होते. आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा बंदर १७८९ मध्ये अशा लाटांनी बुडाल्याची हकिकत त्यांनी नोंदवली होती. कोलकात्याला पर्याय म्हणून सुंदरबनात मातला नदीवर नवे बंदर उभारण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा त्यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहिले. ही जागा वादळी लाटेच्या तोंडावर आहे, असे त्यात बजावले होते.

१८५८ मध्ये कोलकात्यात त्यांचे निधन झाले. बंदर उभारले गेलेच आणि त्याला पोर्ट कॅनिंग हे नाव मिळाले. १ नोव्हेंबर १८६७ च्या वादळात लाट आत शिरली आणि बंदराची वाताहत झाली. काही वर्षांत ते सोडून द्यावे लागले.

आज त्याचे महत्त्व काय?

कोलकात्यात १८६४ च्या चक्रीवादळाने हजारो जीव गेल्यानंतर सरकारी हवामान यंत्रणेची गरज ठळक झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. आता वाऱ्याचा वेग ६४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११८ किलोमीटर झाला की वादळ ‘अतितीव्र’ गणले जाते. अटलांटिकमध्ये त्यालाच हरिकेन म्हणतात. अंतर मोजण्याची साधने बदलली. मात्र पडद्यावरचे अंतर केंद्रापासूनचे असते, वारा, पाऊस आणि लाट त्याआधीच पोहोचतात. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी किलोमीटरचा आकडा पाहताना प्रशासनाचा स्थलांतराचा इशाराही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवा.