वॉल्टर ओवेन बेंटले

लांबच्या प्रवासांत घरच्यासारखें सुख द्यावें आणि प्रसंगीं शर्यतीच्या घोड्याप्रमाणें धांवावें, अशा दुहेरी गुणाच्या मोटारीस ग्रँड टूरर असें म्हणतात. इंग्लंडमध्यें क्रू येथें तयार होणारी बेंटले काँटिनेंटल जीटी ही या जातीची एक नामांकित मोटार होय. २००३ सालीं ती प्रथम बाजारांत आली आणि पुढें तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या एकामागून एक निघाल्या. २०२४ सालीं तिची चवथी पिढी अवतरली. तिच्या अग्रभागीं पंख फुटलेलें जें अक्षर असतें, तें ज्या पुरुषाच्या आडनांवाचें आद्याक्षर, त्याला आपल्या आयुष्याचीं शेवटचीं चाळीस वर्षें स्वतःच्याच मोटारीस स्वतःचें नांव देण्याची मोकळीक उरली नव्हती. त्या पुरुषाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

वॉल्टर यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजीं लंडनच्या हॅम्पस्टेड भागांत झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ब्रिस्टल येथील क्लिफ्टन विद्यालयांत ते शिकले, पण त्यांचें मन आगगाडीच्या इंजिनांत गुंतलेलें होतें. सोळाव्या वर्षीं ते डॉन्कास्टर येथें ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथें पांच वर्षें त्यांनीं हात काळे करून काम शिकून घेतलें. धांवत्या इंजिनावर उभें राहून भट्टींत कोळसाहि घातला. यंत्र हें आधीं हातांनीं ओळखावें लागतें, हा धडा त्यांना तेथेंच मिळाला.

१९१२ सालीं वडील बंधु होरेस यांच्यासह त्यांनीं डी. एफ. पी. या फ्रेंच मोटारी विकण्याचा धंदा हातीं घेतला. पुढील वर्षीं ते फ्रान्समधील कारखान्यांत गेले असतां, मेजावरील कागद उडूं नयेत म्हणून ठेवलेला ॲल्युमिनियमचा एक लहानसा पिस्टन त्यांच्या दृष्टीस पडला. त्या काळीं पिस्टन, म्हणजे इंजिनांतील दट्ट्या, जड बिडाचा असे. शोभेच्या त्या वस्तूवरून बेंटले यांना युक्ति सुचली. ॲल्युमिनियमांत तांबें मिसळून त्यांनीं हलके पिस्टन करविले, आणि तीच सामान्य मोटार ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर विक्रम करूं लागली. पहिलें महायुद्ध सुरू होतांच हें ज्ञान त्यांनीं आरमाराच्या विमानखात्यास सांगितलें. पुढें त्यांनीं रचलेलें बी. आर. १ हें इंजिन सॉपविथ कॅमल विमानांत बसलें. या कामगिरीबद्दल त्यांना ८,००० पौंडांचें पारितोषिक मिळालें.

१९१९ हें वर्ष त्यांना सुखदुःखाचें गेलें. त्या वर्षीं इन्फ्लुएंझाच्या साथींत त्यांची पत्नी लेओनी निवर्तली. आणि त्याच वर्षीं बेंटले मोटर्स ही कंपनी उभी राहून बेकर स्ट्रीटजवळच्या एका गल्लींत तिचें पहिलें इंजिन सुरू झालें. तीन लिटरची पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या हातीं पडावयास १९२१ साल उजाडलें.

फ्रान्समधील ल मान्स येथें १९२३ सालीं चोवीस तासांची शर्यत सुरू झाली, तेव्हां बेंटले यांना तो निव्वळ वेडेपणा वाटला. तरी जॉन डफ व फ्रँक क्लेमेंट यांनीं बेंटले मोटार तेथें नेली. तिला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. उडालेल्या खड्यानें पेट्रोलच्या टांकीस भोंक पडलें, आणि ती चवथी आली. पुढील वर्षीं पुढच्या चाकांनाहि ब्रेक बसले, दिव्यांवर जाळी आली, टांकीस आवरण मिळालें, आणि तेच दोघे पहिले आले! हाच बेंटले यांच्या यशाचा मार्ग होता.

त्याच १९२४ सालीं सहा नळकांड्यांच्या नव्या मोटारीची परीक्षा घेत ते फ्रान्समधून परतत होते. वाटेंत रोल्स रॉइस कंपनीची एक परीक्षेची मोटार भेटली आणि दोघींची चुरस जुंपली. कोणीच मागें हटेना. तेव्हां आपली मोटार अधिक बळकट हवी हें ओळखून त्यांनीं इंजिन साडेसहा लिटरपर्यंत वाढविलें. तिचीच सुधारलेली आवृत्ति स्पीड सिक्स, हिनें १९२९ व १९३० सालीं ल मान्स जिंकलें. त्यापूर्वीं १९२८ चा मान साडेचार लिटरच्या मोटारीनें मिळविला होता. १९२७ सालीं तर काळोखांत झालेल्या अपघातांत त्यांच्या तिन्ही मोटारी सांपडल्या. त्यांतील एक वाकलेल्या आंसानिशीं धांवत राहून पहिली आली.

परंतु उत्तम वस्तु करणें निराळें आणि धंदा चालविणें निराळें. कंपनीची तिजोरी नेहमींच रिकामी असे. १९२६ पासून हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचे धनाढ्य पुत्र वुल्फ बार्नाटो यांनीं तिला हात दिला. १९३० सालीं आठ लिटरची भव्य मोटार निघाली. ती ताशीं १०० मैल धांवे. मात्र जगांत मंदी पसरली होती. अशा शंभरच मोटारी झाल्या आणि १९३१ सालीं कंपनी बुडाली. नेपिअर कंपनी ती घेणार असें ठरत आलें होतें. ऐन वेळीं एका अपरिचित संस्थेनें अधिक बोली केली. त्या संस्थेआड रोल्स रॉइस होती, हें मागाहून उघड झालें. मोटारींबरोबर नांवहि गेलें, आणि बेंटले प्रतिस्पर्ध्याचे नोकर झाले.

दुसरा कोणी असता तर खचला असता. बेंटले १९३५ सालीं लॅगोंडा कंपनींत गेले आणि तेथें त्यांनीं बारा नळकांड्यांचें इंजिन सिद्ध केलें. १९३९ सालीं त्या मोटारी ल मान्स येथें तिसऱ्या व चवथ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लॅगोंडाच्या मोटारीस त्यांचें नांव जोडण्याचा बेत झाला, तोहि रोल्स रॉइसनें न्यायालयांत हाणून पाडला. तथापि त्यांच्या देखरेखीखालीं झालेलें २.६ लिटरचें इंजिन डेव्हिड ब्राउन यांनीं कंपनीसह विकत घेतलें, आणि १९५० सालच्या ॲस्टन मार्टिन डीबी २ या ग्रँड टूररमध्यें तें धडधडूं लागलें. त्या मोटारीवर बेंटले हें नांव नव्हतें. कसब मात्र होतें.

१३ ऑगस्ट १९७१ रोजीं बेंटले यांचें देहावसान झालें. त्यांचें नांव ज्या ज्या धन्याकडे गेलें, त्या प्रत्येकानें तें जपलें, कारण त्यामागें खरें काम होतें. विद्यार्थ्यांनीं या चरित्रांतून एवढें ध्यानीं घ्यावें कीं, खड्यानें टांकीस भोंक पडलें तर खड्यास दोष देत न बसतां पुढील वर्षापूर्वीं टांकीस आवरण घालावें. नांव लोक हिरावून घेऊं शकतात. हातांत मुरलेली विद्या कोणासहि लिलावांत घेतां येत नाहीं.