पॅट्सी क्लाइन

पॅट्सी क्लाइन (जन्म : ८ सप्टेंबर १९३२, विंचेस्टर, व्हर्जिनिया, मृत्यू : ५ मार्च १९६३, कॅम्डेन, टेनेसी) या विख्यात अमेरिकन गायिका होत्या. त्यांचे मूळ नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्स्ली असे होते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या कंट्री संगीतातून पुढे येऊन शहरी पॉप संगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचलेल्या आरंभीच्या गायिकांमध्ये त्यांची गणना होते. १९६१ साली प्रकाशित झालेला 'पॅट्सी क्लाइन शोकेस' हा अल्बम या स्थित्यंतराचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. वयाच्या अवघ्या ३०व्या वर्षी विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

बालपण

पॅट्सी यांचे वडील सॅम्युएल हेन्स्ली हे लोहारकाम करीत. आई हिल्डा या शिवणकामात निपुण होत्या. व्हर्जिनियाच्या जन्माच्या वेळी आईचे वय १६ वर्षांचे, तर वडिलांचे ४० हून अधिक होते. कामाच्या शोधात कुटुंबाला वारंवार स्थलांतर करावे लागले. वयाच्या १३व्या वर्षी व्हर्जिनियाला घशाचा तीव्र संसर्ग व संधिवाताचा ताप यांनी ग्रासले. या आजारानंतर आपला आवाज भरदार झाला, असे त्या पुढे सांगत असत.

वडिलांनी कुटुंब सोडल्यावर आई व धाकटी भावंडे यांच्या निर्वाहाचा भार तिच्यावरही आला. तिने शाळा सोडली आणि कोंबड्यांच्या कारखान्यात व नंतर विंचेस्टरमधील एका औषधाच्या दुकानातील शीतपेयांच्या गाळ्यावर काम केले. संगीताचे शास्त्रीय शिक्षण तिला मिळाले नाही. स्वरलेखन वाचणे तिला अखेरपर्यंत आले नाही; गाणे ऐकून ती ते आत्मसात करीत असे. स्थानिक रेडिओ केंद्रावर जाऊन तिने स्वतःच गाण्याची संधी मागितली. रात्री ती आसपासच्या गावांतील नृत्यगृहांत गात असे. तिचे झालरींचे काउबॉय पद्धतीचे पोशाख आई घरीच शिवत असे. विंचेस्टरमधील प्रतिष्ठित वर्गाला मात्र ही गरीब वस्तीतील, मोकळेपणाने बोलणारी मुलगी रुचली नाही. पुढे कीर्ती मिळाल्यानंतरही गावाचा हा दुरावा पूर्णपणे सरला नाही.

कारकिर्दीची सुरुवात

वाद्यवृंदप्रमुख बिल पीअर यांनी तिला 'पॅट्सी' हे नाव दिले. १९५३ साली जेराल्ड क्लाइन यांच्याशी विवाह झाल्यावर त्या पॅट्सी क्लाइन या नावाने गाऊ लागल्या. हा विवाह टिकला नाही. १९५७ साली त्यांनी चार्ली डिक यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांना ज्युली व रँडी ही दोन अपत्ये झाली.

१९५४ साली पॅट्सी यांनी फोर स्टार या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला. करारातील एका अटीनुसार ज्या गाण्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे असतील, तीच गाणी त्यांना ध्वनिमुद्रित करता येत. विक्रीतील त्यांचा वाटाही अल्प होता. या काळात त्यांनी सुमारे ५० गाणी गायिली, परंतु त्यांपैकी बहुतेक दुर्लक्षित राहिली. आवाज उत्तम, पण निवडीचे स्वातंत्र्य नाही, अशी ही कोंडी १९६० पर्यंत टिकली.

याला एकच मोठा अपवाद ठरला. २१ जानेवारी १९५७ रोजी आर्थर गॉडफ्री यांच्या दूरचित्रवाणीवरील प्रतिभाशोध कार्यक्रमात पॅट्सी यांनी 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' हे गाणे सादर केले. हे गाणे पॉप धाटणीचे असल्याने त्यांना मुळात आवडत नव्हते. आईने शिवलेला काउबॉय पोशाख घालण्याची त्यांची इच्छाही निर्मात्यांनी मान्य केली नाही. त्यांना शहरी मेजवानीचा पोशाख घालावा लागला. त्या स्पर्धेत विजयी ठरल्या. गाण्याची तबकडी बिलबोर्ड नियतकालिकाच्या कंट्री यादीत २ऱ्या आणि पॉप यादीत १२व्या क्रमांकावर पोहोचली. ज्या रूपाला त्यांनी विरोध केला, त्याच रूपात लोकांनी त्यांना स्वीकारले. कंट्री गायिका म्हणून असलेली निष्ठा आणि पॉप श्रोत्यांकडून मिळणारे यश यांतील हा ताण त्यांच्या पुढील कारकिर्दीतही कायम राहिला.

कंट्री संगीत आणि नॅशव्हिल शैली

कंट्री संगीत हे मूलतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण समाजाचे संगीत आहे. झाडीपट्टीत दंडार किंवा खडी गंमत जशी गावकऱ्यांच्या करमणुकीतून वाढली, तसेच हे संगीतही शेतकरी व कष्टकरी यांच्या घरांतून, चर्चमधून आणि जत्रांमधून वाढले. फिडल, बँजो, गिटार व स्टील गिटार ही त्याची प्रमुख वाद्ये होत. नॅशव्हिल येथील ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओ कार्यक्रम त्याचे मुख्य व्यासपीठ होता.

१९५० च्या दशकाच्या मध्यास रॉक अँड रोल संगीताची लाट आली आणि तरुण श्रोता कंट्रीपासून दूर जाऊ लागला. यावर उपाय म्हणून नॅशव्हिलमधील निर्मात्यांनी, विशेषतः आरसीए कंपनीचे चेट ॲटकिन्स आणि डेका कंपनीचे ओवेन ब्रॅडली यांनी, नवी मांडणी केली. फिडल व स्टील गिटार मागे सारून त्यांनी पियानो, तंतुवाद्यांचा समूह आणि साथगायकांचे मृदू स्वर पुढे आणले. या शैलीला 'नॅशव्हिल साउंड' असे नाव मिळाले. महाराष्ट्रात जवळपास याच काळात 'सांगत्ये ऐका' (१९५९) सारख्या चित्रपटांतून फडावरची लावणी चित्रपटाच्या वाद्यवृंदासह मध्यमवर्गीय श्रोत्यांपर्यंत पोहोचत होती. दोन्हीकडे वादाचा मुद्दा एकच होता : लोकसंगीताचा विस्तार होताना त्याचा मूळ गाभा टिकतो की नाही?

डेका कंपनी व 'आय फॉल टू पीसेस'

फोर स्टारचा करार संपताच पॅट्सी यांनी डेका कंपनीशी करार केला. जानेवारी १९६० मध्ये त्या ग्रँड ओल ऑप्रीच्या सदस्य झाल्या. १६ नोव्हेंबर १९६० रोजी त्यांनी हँक कॉक्रन व हार्लन हॉवर्ड यांनी रचलेले 'आय फॉल टू पीसेस' ध्वनिमुद्रित केले. इतर गायकांनी हे गाणे आधी नाकारले होते. जॉर्डनेअर्स या चार पुरुष गायकांच्या साथीमुळे आपला आवाज झाकला जाईल, अशी शंका पॅट्सी यांना होती. प्रत्यक्षात त्या संथ साथीवर त्यांचा आवाज अधिकच उठून दिसला. जानेवारी १९६१ मध्ये प्रकाशित झालेली ही तबकडी हळूहळू वर चढत ऑगस्टमध्ये कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पॉप यादीत तिने १२वे स्थान मिळवले.

मोटार अपघात

गाणे लोकप्रिय होत असतानाच, १४ जून १९६१ रोजी नॅशव्हिल येथे पॅट्सी व त्यांचे बंधू प्रवास करीत असलेल्या मोटारीची समोरून येणाऱ्या वाहनाशी धडक झाली. पॅट्सी पुढील काचेवर फेकल्या गेल्या. कपाळावर खोल जखम झाली, मनगट मोडले आणि कमरेचा सांधा निखळला. त्यांना सुमारे महिनाभर रुग्णालयात राहावे लागले. कपाळावरचा व्रण त्या पुढे केसांचे टोप व रंगभूषा यांनी झाकीत. याच काळात नवोदित गायिका लोरेटा लिन यांनी रेडिओवर पॅट्सी यांच्यासाठी त्यांचेच गाणे गायिले. ते ऐकून पॅट्सी यांनी त्यांना रुग्णालयात बोलावून घेतले. या भेटीतून दोघींची आजन्म मैत्री जुळली.

'पॅट्सी क्लाइन शोकेस'

रुग्णालयातून बाहेर पडल्यावर काही आठवड्यांतच, कुबड्यांच्या आधाराने चालत, पॅट्सी ध्वनिमुद्रणगृहात परतल्या. २१ ऑगस्ट १९६१ रोजी विली नेल्सन या त्या वेळी फारशा परिचित नसलेल्या गीतकाराचे 'क्रेझी' हे गाणे घेण्यात आले. नेल्सन यांची तालाच्या मागेपुढे रेंगाळणारी गायनपद्धती पॅट्सी यांना प्रथम पसंत पडली नव्हती. शिवाय बरगड्यांच्या वेदनेमुळे वरचे स्वर लागेनात. त्या काळी ३ तासांत तीन-चार गाणी पूर्ण होत. येथे ४ तास उलटूनही एक गाणे पुरे झाले नाही. अखेर ब्रॅडली यांनी केवळ वाद्यांची साथ मुद्रित करून ठेवली. काही आठवड्यांनी पॅट्सी यांनी येऊन त्यावर आपला आवाज दिला.

२७ नोव्हेंबर १९६१ रोजी 'पॅट्सी क्लाइन शोकेस' हा अल्बम प्रकाशित झाला. त्यात १२ गाणी होती. 'आय फॉल टू पीसेस' व 'क्रेझी' यांबरोबरच 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' हे जुने गाणे नव्या साथीसह पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. बॉब विल्स यांचे 'सॅन अँटोनियो रोझ' हे कंट्री परंपरेतील गाणे आणि कोल पोर्टर यांचे 'ट्रू लव्ह' हे चित्रपटगीत एकाच तबकडीवर आले. गाण्यांच्या या निवडीतूनच अल्बमचा हेतू स्पष्ट होतो. दोन भिन्न श्रोतृवर्गांची गाणी एकाच आवाजात व एकाच सांगीतिक मांडणीत येथे बांधलेली आहेत.

स्वागत

'क्रेझी' कंट्री यादीत २ऱ्या आणि पॉप यादीत ९व्या क्रमांकावर पोहोचले. पॉप यादीतील पॅट्सी यांचे हे सर्वोच्च स्थान ठरले. कंट्री अल्बमांची स्वतंत्र यादी बिलबोर्डने १९६४ पर्यंत सुरू केलेली नव्हती. त्यामुळे 'शोकेस'ला थेट पॉप अल्बमांशीच स्पर्धा करावी लागली. तेथेही त्याने १९६२ साली यादीत स्थान मिळवले.

अल्बम प्रकाशित झाल्यानंतर दोनच दिवसांनी, २९ नोव्हेंबर रोजी, ऑप्रीच्या कलावंतांसह पॅट्सी यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायन केले. अभिजात संगीताच्या या सभागृहात खेडवळ कलावंत येणार म्हणून तेथील एका वृत्तपत्रीय स्तंभलेखिकेने या चमूची टिंगल केली होती. कार्यक्रमाला मात्र श्रोत्यांनी भरभरून दाद दिली.

कंट्री संगीताच्या काही जुन्या चाहत्यांना ही नवी मांडणी अति गुळगुळीत वाटली. पॅट्सी स्वतःही आपण कंट्री गायिकाच आहोत असे मानत. त्यांच्या बाबतीत साथीची वाद्ये बदलली, तरी स्वराला दिलेला हुंदका, शब्दामागे किंचित थांबून मग त्यावर येण्याची लकब आणि दुःखाचे थेट कथन ही कंट्री परंपरेची लक्षणे कायम राहिली. अल्बमचे टिकाऊ यश अभ्यासक मुख्यतः या समन्वयातच पाहतात.

अखेरची वर्षे

१९६२ साली 'शीज गॉट यू' हे गाणे कंट्री यादीत पहिले आले. 'सेंटिमेंटली युअर्स' हा पुढील अल्बम त्याच वर्षी निघाला. त्या वर्षअखेरीस लास व्हेगस येथे त्यांनी सलग ३५ दिवस कार्यक्रम केले. व्यवहारात त्या दक्ष होत्या. आयोजक कलावंतांना, विशेषतः स्त्रियांना, फसवीत असल्याने मानधन हाती पडल्याशिवाय त्या रंगमंचावर जात नसत. त्याच वेळी लोरेटा लिन, डॉटी वेस्ट आदी नवोदित गायिकांना त्या पैसे, कपडे व सल्ला देत. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांनी 'स्वीट ड्रीम्स'सह काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती त्यांची अखेरची ठरली.

मृत्यू

३ मार्च १९६३ रोजी अपघातात निधन पावलेल्या एका रेडिओ निवेदकाच्या कुटुंबाच्या साहाय्यार्थ कॅन्सस सिटी येथे झालेल्या कार्यक्रमात पॅट्सी यांनी गायन केले. ५ मार्च रोजी परत येताना खराब हवामानात त्यांचे लहान विमान टेनेसीतील कॅम्डेनजवळच्या जंगलात कोसळले. पॅट्सी, वैमानिक व त्यांचे व्यवस्थापक रँडी ह्यूज, तसेच गायक काउबॉय कोपास व हॉकशॉ हॉकिन्स हे चौघेही मरण पावले. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याची अर्हता ह्यूज यांच्याकडे नव्हती. पॅट्सी यांचे दफन विंचेस्टरजवळ करण्यात आले.

वारसा

१९६७ साली निघालेल्या त्यांच्या निवडक गाण्यांच्या संग्रहाच्या एकट्या अमेरिकेत १ कोटीहून अधिक प्रती खपल्या. १९७३ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेल्या त्या पहिल्या एकल गायिका ठरल्या. लोरेटा लिन यांनी १९७७ साली त्यांच्या गाण्यांचा अल्बम काढला. लिन यांच्या जीवनावरील 'कोल मायनर्स डॉटर' (१९८०) या चित्रपटात बेव्हर्ली डिअँजेलो यांनी पॅट्सी यांची भूमिका केली. 'स्वीट ड्रीम्स' (१९८५) हा चित्रपट पॅट्सी यांच्याच जीवनावर असून त्यातील भूमिकेसाठी जेसिका लँग यांना ऑस्कर नामांकन मिळाले. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १९९५ साली त्यांना मरणोत्तर ग्रॅमी जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. विंचेस्टरमधील साउथ केंट स्ट्रीटवरील त्यांचे लहानसे घर आता वस्तुसंग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.