विश्लेषण : महाचुंबकी तारा आणि वेणू बाप्पू

मृग नक्षत्राच्या पूर्वेला शृंगाश्व तारकासमूहात ‘एचडी ४५१६६’ ही ताऱ्यांची जोडी आहे. त्यातल्या उष्ण ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र ४३ हजार गॉस असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. पृथ्वीच्या क्षेत्राच्या हे जवळपास लाखपट. हा तारा दिसतो वुल्फ-रायेत ताऱ्यांसारखा. अशा ताऱ्यांचा अभ्यास भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांनी आयुष्यभर केला.

हैदराबादशी नाते काय?

बाप्पूंचा जन्म १० ऑगस्ट १९२७ चा, चेन्नईतला. वडील निजामिया वेधशाळेत नोकरीला असल्याने ते हैदराबादेत वाढले. नांदेड, लातूर तेव्हा याच संस्थानात होते. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते हार्वर्डला गेले. तिथे १९४९ मध्ये त्यांना एक नवा धूमकेतू सापडला. बाप्पू-बोक-न्यूकर्क हे त्याचे नाव.

त्यांचे संशोधन कशावर?

ताऱ्याचा प्रकाश फोडला की वर्णपट मिळतो. थंड ताऱ्यांच्या वर्णपटातील कॅल्शियमच्या रेषेची रुंदी पाहून ताऱ्याचे खरे तेज कळते, हे ऑलिन विल्सन आणि बाप्पूंनी १९५७ मध्ये दाखवले. खरे तेज कळले की अंतर काढता येते. वुल्फ-रायेत ताऱ्यांचे कोडेही वर्णपटातूनच उलगडते. एचडी ४५१६६ चे चुंबकत्वही असेच मोजले गेले : चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा दुभंगतात.

परत का आले?

परदेशात मोठ्या दुर्बिणी होत्या, भारतात नव्हत्या. तरीही ते परतले. नैनितालची वेधशाळा उभारली, १९६० मध्ये कोडाईकॅनलची सूत्रे घेतली. तमिळनाडूतील जवादी डोंगरात कावलूर ही जागा त्यांनीच निवडली. १९७२ मध्ये तिथे एक मीटरची दुर्बीण सुरू झाली. पण देशात घडवलेली मोठी दुर्बीण हवी, हा त्यांचा ध्यास होता.

ध्यास पूर्ण झाला का?

झाला, पण त्यांना पाहता आला नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचे अध्यक्ष असतानाच १९ ऑगस्ट १९८२ रोजी म्युनिकमध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. लातूर जिल्हा अस्तित्वात आला, तोच हा महिना. वय अवघे ५५. भारतात बनलेली २.३४ मीटरची दुर्बीण जानेवारी १९८६ मध्ये कावलूरला राष्ट्रार्पण झाली. तिला आणि त्या वेधशाळेला आज वेणू बाप्पूंचेच नाव आहे.