दुसऱ्याची वेदना आणि गाडगेबाबांचा खराटा

अमरावती : शेजारच्याच्या पायात काटा रुतला, तर आपल्या कपाळावर आठी का पडते, या प्रश्नाचे उत्तर मेंदूविज्ञान अलीकडे शोधू लागले आहे. वऱ्हाडातील एका निरक्षर माणसाने मात्र या प्रश्नाचा काथ्याकूट न करता, तो काटा काढण्यातच आयुष्य वेचले. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर; अर्थात संत गाडगेबाबा.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाईने पोरक्या डेबूला माहेरी, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी नेले. तेथे मामाच्या घरी त्याने गुरे राखली, शेती केली. सावकाराने मामाची जमीन बळकावल्याचेही त्याने पाहिले. व्यसन, कर्ज आणि अज्ञान यांची झळ त्याला अशी घरातच बसली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने संसाराचा त्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे, एवढाच त्याचा सरंजाम होता.

२००४ मध्ये लंडनमधील टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. आपल्या जोडीदाराला वेदना होत असल्याचे कळताच, स्वतःच्या वेदनेच्या वेळी जागे होणारे मेंदूतील काही भाग त्या स्त्रियांमध्येही जागे झाले. २०१५ मध्ये व्हिएन्नातील संशोधकांनी पुढचा धागा जोडला. खोट्या औषधाने स्वतःची वेदना बोथट झालेल्यांना दुसऱ्याची वेदनाही कमी जाणवली. शरीरातील अफूसदृश रसायनांचे कार्य रोखणारे औषध दिल्यावर हा परिणाम ओसरला. सहवेदनेमागे ही रसायने असावीत, असे त्यावरून दिसते.

पहिल्या प्रयोगातील वेदना जिवलगाची होती. बाबांची कसोटी त्याहून अवघड होती. त्यांना पाझर फुटे तो अनोळखी माणसांसाठी. पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत चिखलात घसरणाऱ्या भाविकांसाठी ते राबले; पुढे तेथे घाट उभा राहिला. मूर्तिजापुरात त्यांनी गोरक्षण उभारले. पंढरपुरात अस्पृश्यांसाठी धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात, परगावाहून येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांना निवारा दिला. दुखणे एकाचे असले, तरी फुटपाथवर रात्र काढावी लागते ती साऱ्या घराला, हे त्यांनी ओळखले होते.

१९२३ मध्ये एकुलता एक मुलगा गोविंद गेला. ही वार्ता कीर्तनात असतानाच कळली. तरीही बाबांनी कीर्तन थांबविले नाही, असे सांगितले जाते. स्वतःच्या दुःखाने ते दुसऱ्याच्या दुःखाला पारखे झाले नाहीत.

नुसते हळहळणे आणि मदतीसाठी उठणे, या मेंदूच्या दोन वेगळ्या अवस्था असल्याचे पुढील संशोधनही सुचविते. हळहळ माणसाला थकविते. करुणा त्याला कामाला लावते. बाबा प्रथम गावातली घाण काढीत, कीर्तन त्यानंतर.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावती विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. रुग्णालयाबाहेर पथारी टाकून बसलेली कुटुंबे मात्र आजही दिसतात. त्यांना पाहून आपल्या कपाळावर पडणारी आठी ही निसर्गाची देणगी आहे. त्यापुढचे पाऊल आपल्यालाच उचलावे लागते.